श्रमाची लाज, डॉलरची शान

‘मुलगा ऑस्ट्रेलियात असतो,’ एवढे म्हटले की आपल्याकडे पुढचे प्रश्न आपोआप थांबतात. कोणी नेटाने विचारलेच, की नेमके काय करतो, तर ‘हॉटेल इंडस्ट्रीत आहे’, ‘एका मोठ्या रिसॉर्टमध्ये आहे’ असे गुळगुळीत उत्तर येते आणि विषय बदलतो. हे उत्तर मी पुण्यात ऐकले, सांगलीत ऐकले, नाशिकला एका लग्नाच्या पंगतीत ऐकले. त्या उत्तराआड जे झाकलेले असते, त्यात मुलाचा काही दोष नसतो. तो तिथे घाम गाळून, कोणाला न लुबाडता पोट भरत असतो. झाकले जातात ते त्याचे कष्ट. आणि आपल्याच पोरांचे प्रामाणिक कष्ट ज्या समाजाला झाकावेसे वाटतात, त्या समाजाला मला जाब विचारायचा आहे.

न्यू साउथ वेल्स राज्यात स्नोई पर्वतांच्या पायथ्याशी, तळ्याकाठी जिंदाबाईन नावाचे गाव आहे. त्याच्या वर, कोशियुस्को राष्ट्रीय उद्यानात, थ्रेडबो आणि पेरिशर ही स्कीची ठिकाणे. आषाढात आपल्याकडे वारी वाटेवर असते तेव्हा तिथे हिवाळा ऐन भरात असतो. जूनमधल्या सुट्टीला हंगाम सुरू होतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. एवढ्या चार महिन्यांत सिडनी आणि कॅनबेराकडून माणसांचा लोंढा येतो, आणि त्यांची उठबस करायला हजारो हंगामी हात लागतात. लिफ्टच्या तोंडाशी दिवसभर उभे राहून येणारी खुर्ची धरायची, उतरायच्या जागेवरचा बर्फ फावड्याने सारखा करत राहायचे. भाड्याने दिलेले बूट पुसून वाळवायचे. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरात भांडी काढायची आणि बार बंद झाला की लादी पुसायची. स्कीचे गाव म्हणून जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते, त्या चित्राला उभे ठेवणारी कामे ही आहेत.

या कामांना आता आपली मुले जाऊ लागली आहेत. काही जण मेलबर्न-सिडनीत शिकणारे विद्यार्थी असतात आणि जून-जुलैच्या सुट्टीत वर डोंगरात जातात. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी आर्थिक सहकार्याचा करार झाला, त्यातून आणखी एक वाट निघाली. १६ सप्टेंबर २०२४ पासून भारतीय तरुणांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा सुरू झाला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, आधी २५ डॉलर भरून सोडतीसाठी नाव नोंदवायचे, नाव निघाले तर पुढचा अर्ज करायचा. वर्षभर राहता येते, कामही करता येते, पण एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. चार महिन्यांच्या बर्फाला हे माप नेमके बसते. ही सोडत संगणकावर निघते, कोणा दलालाचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. तरीही ‘खात्रीने नाव काढून देतो’ म्हणणारे आपल्या शहरांत दुकाने थाटून बसतात, आणि शिकलेले आईबाप तिथे पैसे मोजतात.

या व्हिसाच्या अटी मात्र वाचून पुढे जाण्यासारख्या नाहीत. बारावीनंतर निदान दोन वर्षांचे शिक्षण पुरे झालेले हवे, कामापुरते इंग्रजी हवे, आणि परतीच्या तिकिटाखेरीज सुमारे ५,००० डॉलर गाठीशी हवेत. आता विचार करा. कोथरूडच्या चार घरांत वीस वर्षे भांडी घासणारी, ज्या कामात जिचा हात धरणारा कोणी नाही अशी बाई तिथल्या भांड्यांना लायक ठरत नाही. लायक कोण, तर जेवल्यावर स्वतःचे ताट कधी मोरीपर्यंत नेले नाही तो तिचा मालकपुत्र. तेच काम, तोच साबण, तेच खरकटे. पण जिथे त्या कामाला तासाचा भाव आहे, तिथे पोचण्याचा परवाना ज्याला ते काम जन्मात करावे लागले नाही त्याच्याच हाती आहे. या अटी ऑस्ट्रेलियाने घातल्या हे खरे. पण त्या पुऱ्या करण्याची ऐपत कोणाच्या घरात साठली आणि कोणाच्या घरात साठू दिली गेली नाही, हे ठरवले आपण.

सांगली जिल्ह्यातली एक मुलगी तिथल्या एका लॉजवर हंगामभर राबून आली. बी. कॉम. झालेली, वडील सहकारी बँकेत. ती माझ्याशी बराच वेळ बोलली. सकाळी दहाला पाहुणे खोल्या सोडतात, दुपारी नवे येतात. मधल्या चार-पाच तासांत खोल्या लख्ख झाल्या पाहिजेत. संडासाला एका रंगाचे फडके, बेसिनला दुसऱ्या रंगाचे, आरशाला तिसऱ्या. फडकी एकात एक झाली तर सुपरवायझर सगळे पुन्हा करायला लावते. न्हाणीघराच्या जाळीतले केस हाताने काढायचे. जड गादीचा कोपरा उचलून चादर आत खोचायची, ती खोचताना पाठ धरते. बूट वाळवायच्या खोलीत ओल्या मोज्यांचा असा कुबट दर्प असतो की पहिल्या दिवशी तिला मळमळले. सगळे झाले की सुपरवायझर खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरवून बघते. “काका, मी आयुष्यात कधी संडास घासला नव्हता,” ती म्हणाली, “आमच्याकडे मावशी येतात ना. पहिल्या आठवड्यात रडले मी. मग हात आपोआप चालायला लागले.” आणि जेवणाच्या वेळी मुख्य आचारी, व्यवस्थापक आणि ती एकाच टेबलावर, एकाच पातेल्यातले वाढून घेत. त्याचे तिला फार नवल वाटले होते. पगाराच्या पावतीवर किती तास, कोणत्या दराने, कर किती, निवृत्तिनिधीत मालकाने किती टाकले, सगळे लिहिलेले. त्या पावत्या तिने जपून ठेवल्या आहेत.

तिने घरच्या ग्रुपवर दोन फोटो पाठवले होते. एकात सुट्टीच्या दिवशी, भाड्याने घेतलेल्या स्की पायांना बांधून ती बर्फात उभी होती. दुसऱ्यात अंगावर गणवेश, हातात मॉप, शेजारी चादरींची ढकलगाडी. पहिला फोटो आत्यापासून शेजारच्या सोसायटीपर्यंत फिरला. दुसरा पडला तसा पाच मिनिटांत वडिलांचा फोन आला. “बाळा, तो काढ. लोकांना काय सांगू मी?” तिने काढला. आईने नातेवाइकांत ‘हॉटेल मॅनेजमेंट’ सांगून ठेवले होते.

हे वडील वाईट गृहस्थ नाहीत. मुलीवर जीव आहे, तिच्या जाण्यासाठी त्यांनी आपल्या ठेवी मोडल्या. पण ज्या फोटोत मुलगी पैसे खर्च करत होती तो त्यांनी गावभर मिरवला, आणि ज्यात ती ते कमवत होती तो पुसायला लावला. एका सज्जन, शिकलेल्या, मुलीला परदेशी पाठवण्याइतक्या पुढारलेल्या माणसाच्या हातून हे घडले, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते. झाडू दिसला की मान खाली जाते, हे त्यांना कोणी शिकवले? शाळेने नव्हे, कायद्याने नव्हे. आपल्या घराच्या मागच्या दाराने शिकवले. केर काढणारी बाई ज्या दाराने येते, तिचा चहाचा कप ज्या खिडकीत वेगळा पालथा असतो, त्या दाराने आणि त्या खिडकीने शिकवले.

या लाजेचे मूळ जातीत आहे हे सांगायला संकोच कशाला? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले, की जात नुसती कामे वाटून थांबत नाही, ती राबणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीवर बसवते. घाण काढणारा तो घाण, हा हिशेब आपल्या अंगात इतका मुरला आहे की तो आता कोणी मोठ्याने बोलतही नाही. थ्रेडबोच्या संडासात आपला मुलगा ब्रश चालवू शकतो, कारण तिथे त्याला ओळखणारे कोणी नाही. त्या कामामुळे तिथे त्याच्या आडनावाला काही चिकटत नाही. तो परका मुलूख त्याला कष्ट करण्याची मोकळीक देतो, जी स्वतःच्या गावाने त्याला कधी दिली नाही. दलित घरातून गेलेल्या एका मुलाने मला याची दुसरी बाजू सांगितली. लॉजवर त्याला कोणी काही विचारले नाही. विचारले ते भाड्याच्या घरात सोबत राहणाऱ्या आपल्याच लोकांनी, पहिल्या रात्री, बिछाने घालताना. “पूर्ण नाव काय?”

आणि मुलगे परत येतात तेव्हा काय होते? तिथे हंगामभर शेकडो अनोळखी माणसांची उष्टी ताटे उचललेला मुलगा घरी जेवायला बसतो आणि जेवून उठतो. ताट तिथेच. आई उचलते. दमून आलाय, म्हणते. चार महिने परक्यांची खरकटी काढणाऱ्या हातांना आईसमोर स्वतःचे एक ताट उचलता येत नाही, याचा अर्थ ते काम त्याच्या अंगी लागलेच नाही. त्याने ते डॉलरच्या नावावर केले, आणि डॉलर बंद झाल्यावर ते पुन्हा बाईचे झाले. जिंदाबाईनच्या सामान्य घरात रोज धुणीभांड्याला येणारी बाई नसते, कारण दुसऱ्याचा वेळ तिथे महाग आहे. म्हणून नवराही मोरीशी उभा राहतो. आपल्याकडे बाईचा वेळ स्वस्त आहे, आणि त्या स्वस्ताईवर पुरुषांच्या पिढ्या आयत्या बसल्या आहेत.

बर्फाचे गाव बघायला फार लांब जायला नको. सुट्ट्यांत मराठी कुटुंबे झुंडीने गुलमर्गला जातात. गंडोला म्हणतात त्या रोपवेजवळ लाकडी स्लेज घेऊन उभी असलेली माणसे सगळ्यांनी पाहिली आहेत. अंगात फिरन, पायात रबरी गमबूट, खांद्यावरून दोर. आपण पाटीवर बसायचे आणि त्यांनी चढावर ओढत न्यायचे. दोर खांद्यात रुततो, श्वासाची वाफ होते, गमबूट बर्फात फसतो. हे समोर दिसत असताना आपले लोक पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतात. मी ते उभे राहून पाहिले आहे. स्लेजवर बसलेले आजोबा, वर ओढणारा त्यांच्याच वयाचा काश्मिरी, आणि मागून चालत येणारा मुलगा सांगतोय, “पहले बोला था उतनाच देंगे.” वर गेल्यावर फोटो निघाला, तेव्हा ओढणाऱ्याला चौकटीबाहेर व्हायला सांगितले. चार महिन्यांचा हंगाम त्याचाही आहे. बर्फ वितळला की त्याच्याही हाताला काम नाही. आपल्या मुलाने दुसऱ्या गोलार्धात पाहुण्यांच्या स्की वाहिल्या तर ते ‘अनुभव’, आणि याने आपल्याला वाहिले तर तो ‘लुटारू’. एकाच बर्फावरचे हे दोन न्याय आपण कोणत्या तोंडाने करतो?

मी ऑस्ट्रेलियाची आरती करायला बसलेलो नाही. तिथले डोंगर सुद्धा कष्टकऱ्यांच्या हाडांवर उभे आहेत. १९४९ ते १९७४ या काळात स्नोई नदी अडवून धरणे आणि बोगदे बांधले गेले. तीसहून अधिक देशांतून आलेल्या माणसांसह एक लाखावर लोक तिथे खपले, १२१ जण कामावर मेले. जुने जिंदाबाईन गाव त्याच पाण्याखाली गेले, आजचे गाव काठावर नव्याने वसवलेले आहे. युरोपातून आलेल्या काही स्थलांतरितांच्या पुढाकाराने १९५७ च्या सुमारास थ्रेडबोत स्कीचा पाया घातला गेला. पण त्या देशात १९०१ पासून गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवणारा कायदा होता आणि ते धोरण पुरते मोडायला १९७३ उजाडले. म्हणजे ज्या काळात निर्वासित युरोपियनाला फावडे मिळत होते, त्या काळात तुमच्या-माझ्या आजोबांना तेही मिळाले नसते.

थ्रेडबोची एक रात्र तर तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. ३० जुलै १९९७ ला रात्री साडेअकराच्या सुमाराला रस्त्याचा भराव खचला. वरचे कारिन्या लॉज खालच्या बिम्बाडीन लॉजवर कोसळले. बिम्बाडीनमध्ये रिसॉर्टचे कर्मचारी राहत, दिवसभराचे काम उरकून ते झोपले होते. १८ माणसे गेली, त्यांतली बहुतेक याच लॉजमधली. स्टुअर्ट डायव्हर नावाचा स्की शिकवणारा तरुण पासष्ट तासांनी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला, तो एकटाच. तो रस्ता धरणाच्या कामासाठी पन्नाशीच्या दशकात काढलेला होता, आणि त्याच्या भरावात गळक्या जलवाहिनीचे पाणी मुरत होते, असे २००० साली मृत्यूच्या चौकशीतून बाहेर आले. पाहुण्यांच्या खोल्यांची पट्टी बोटाने तपासली जाते, राबणाऱ्यांच्या छपरावरचा डोंगर मात्र कोणी वेळेत तपासला नव्हता.

आजही हंगामात जिंदाबाईनमध्ये कामगाराला परवडणारे छप्पर मिळणे कठीण जाते, कारण घरे पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने दिली की जास्त सुटतात. बर्फ कमी पडला की कॅज्युअल कामगाराचे तास कापले जातात. त्याला पगारी रजाही नसते. या व्हिसावर आलेल्या मुलाने देश सोडताना निवृत्तिनिधीतली रक्कम मागितली तर तिच्यातले ६५ टक्के सरकार करापोटी कापून घेते. आणि पगार बुडवणारे मालक तिथेही आहेत, परदेशी विद्यार्थ्यांचे वेतन लुबाडल्याची मोठी प्रकरणे २०१५ पासून उघड झाली. पण ती उघड झाली. लोक बोलले, चौकशा झाल्या, आणि १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून पगार बुडवणे हा त्या देशात फौजदारी गुन्हा झाला.

१ जुलै २०२५ पासून तिथे किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले, कॅज्युअल कामगाराला त्यावर पंचवीस टक्के अधिक. हा दर कोणा धनिकाच्या दयेने आलेला नाही. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नमधल्या पाथरवटांनी हातची हत्यारे खाली ठेवली आणि आठ तासांच्या दिवसासाठी संसदेकडे चालत गेले. १९०७ साली न्यायमूर्ती हिगिन्स यांनी हार्वेस्टर खटल्यात ठरवले, की मजुरी मालकाला काय परवडते यावर मोजायची नाही, सुसंस्कृत समाजात राहणाऱ्या माणसाला जगायला काय लागते यावर मोजायची. शतकाहून जुन्या त्या भांडणाचे फळ आपला मुलगा बँकेच्या खात्यात जमा करतो आणि भांडण करणाऱ्यांचे नावही त्याला ठाऊक नसते.

पण मग आपल्याकडे हे सांगणारे कोणी झाले नाही काय? जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यांच्यापुढे दोन कामगार स्त्रिया बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. ज्या रविवारी आपण उशिरा उठतो, तो रविवार गिरणीच्या धुरात खोकणाऱ्या माणसांनी आपल्याला मिळवून दिला आहे. आणि त्याच रविवारी, सकाळी साडेसातला, बेल वाजते आणि मावशी भांड्यांना येतात. उलट रविवारी पाहुणे असतात म्हणून जरा लवकरच याव्यात अशी अपेक्षा असते. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, लोखंड्यांचा रविवार त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. ताप आला तर खाडा. मुलाच्या शाळेत बोलावले तर खाडा. गौरी-गणपतीत सुट्टी मागायची नाही, कारण तेव्हा आपल्याकडे सण असतो. त्यांच्याकडेही असतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

१९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. शहराला मोठा धक्का बसला, कारण या बायका एकमेकींशी बोलत असतील हे कोणी गृहीत धरलेच नव्हते. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मंडळ नोंदणी करते, अडीअडचणीला मदत देते. पण तुमच्या स्वयंपाकघरात ताशी किती द्यायचे आणि आठवड्याला विसावा कधी, हे त्यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी जो करार केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती सांगितली आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. यासाठी कुठल्या शहरात मध्यमवर्ग रस्त्यावर उतरल्याचे मला माहीत नाही. आपल्या मुलांचा व्हिसा अडला की मात्र याच मध्यमवर्गाची पत्रे वर्तमानपत्रांत येतात.

परदेशात शिकून आलेल्या माणसाने गावी परतल्यावर काय करावे, याचा धडा आपल्याकडे घालून दिलेला आहे. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट १९०४ साली शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला गेले. पुढे परतल्यावर, ज्यांना महाराष्ट्र सेनापती म्हणून ओळखतो तेच बापट पहाटे उठून गावचे रस्ते झाडत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन एम. ए. झालेले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी हट्ट धरला की संडास साफ करण्याचे काम मलाही द्या. त्यांच्या जातीच्या कैद्याला ते काम देत नसत. अप्पासाहेबांनी त्यासाठी अन्न कमी केले, आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. एका सुशिक्षित ब्राह्मणाला झाडू मागण्यासाठी उपाशी राहावे लागले, आणि तो झाडू त्याने मिरवला नाही, पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातही चालवला. अशा माणसांची नावे आपण रस्त्यांना आणि सभागृहांना देतो. त्या सभागृहांचे संडास कोण धुते, हे मात्र आजही जातच ठरवते.

मला विचारले जाते, मग मुलांनी जाऊच नये का? जावे. जरूर जावे. बर्फात उभे राहावे, बोटे बधिर होईतो फावडे चालवावे, परक्या देशात स्वतःच्या हाताने स्वतःचे भाडे भरावे. वीस-पंचवीस वर्षांच्या माणसाला याहून चांगले शिक्षण मिळणार नाही. माझा राग त्या कामावर नाही, तसा तो मुलांवरही नाही. राग आहे तो घरी बसून त्या कामाला खोटे नाव देणाऱ्यांवर. लग्नाच्या जाहिरातीत ‘ऑस्ट्रेलियात हॉटेल व्यवसाय’ छापणाऱ्यांवर. ‘तिथली गोष्ट वेगळी हो, तिथे कामाला प्रतिष्ठा आहे’ असे म्हणून इथे धुणे वाळत घालणाऱ्या बाईकडे न बघता तिला हाक मारणाऱ्यांवर. तिथे कामाला प्रतिष्ठा आहे असे जर खरोखर वाटत असेल, तर ती इथे आणायला विमानाचे तिकीट लागत नाही, व्हिसा लागत नाही, सोडतीत नाव निघावे लागत नाही.

‘आम्हाला परवडत नाही’ हे उत्तर मी ऐकलेले आहे, आणि ते मी मान्य करत नाही. कागद घ्या. मावशींना महिन्याला देता ती रक्कम लिहा, ती त्यांच्या त्या महिन्यातल्या तासांनी भागा. आलेला आकडा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर वाचा, मुले असताना वाचा. ज्यांना तो वाचवणार नाही त्यांनी स्वतःची भांडी स्वतः घासावीत, त्यातही काही कमीपणा नाही. सोसायटीच्या सभेत उभे राहून कामगारांसाठी वेगळी लिफ्ट ठेवण्याचा नियम रद्द करून घ्या. खिडकीतला तो कप आत, आपल्या कपांच्या फळीवर ठेवा. मावशींची कल्याण मंडळात नोंदणी झाली आहे का ते विचारा, नसेल तर अर्ज भरून द्या, तुमच्या सहीचा एक कागद त्यासाठी लागतो. आणि ज्यांची मुले तिकडून आलेली आहेत त्या मुलांना माझे सांगणे आहे. तुम्ही पगाराची पावती वाचायला शिकून आला आहात. उद्या सकाळी मावशी आल्या की तिथला तुमचा तासाचा दर त्यांना तुम्हीच सांगा, आईच्या समोर सांगा. मग त्यांचा दर काय असावा, रविवार त्यांचा केव्हापासून, आणि आजारपणातला पगार कसा द्यायचा, हे तिघांनी खुर्च्या ओढून एकाच टेबलाशी बसून ठरवा. आणि जे ठरेल ते लिहून त्यांच्या हातात द्या, तारखेसकट.